किल्ल्यालगतचे मैदान : वारसा आणि लोकांचा हक्क

किल्ला म्हटला की तट, बुरूज, दरवाजे आणि तोफा डोळ्यांसमोर उभ्या राहतात. तटाबाहेरची मोकळी जमीन मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वस्तुतः ती जमीनही किल्ल्याच्या रचनेचाच भाग असते, आणि आसपासच्या लोकांच्या नित्य उपयोगी पडणारी असते ती तीच.

मराठेशाहीत या गोष्टीची जाण पुरेपूर होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील झाडे राखावी, नवी लावावी आणि गडाच्या घेऱ्यातील झाडी तोडू देऊ नये, अशी स्पष्ट ताकीद आहे. डोंगरी किल्ल्याला झाडी हे संरक्षण होते; सपाटीवरच्या कोटाला मोकळे रान हे संरक्षण होते. मुंबईचा कोट हे या दुसऱ्या प्रकारचे उदाहरण होय.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात भीतीचा गोळा उठला. व्यापाऱ्यांनी ३० हजार रुपये वर्गणी जमवली आणि कोटाभोवती खंदक खणण्यात आला. पुढे खंदकापलीकडची घरे व झाडे हटवून मैदान मोकळे करण्यात आले. शत्रूला आडोसा मिळू नये आणि तोफांचा मारा अडू नये, एवढाच त्यामागील हेतू. १८०३ च्या मोठ्या आगीनंतर हे मैदान आणखी रुंद झाले. त्याला एस्प्लनेड असे नाव होते.

लष्कराने राखलेल्या या जमिनीवर लोकांचा वावर हळूहळू वाढला. गुरे चरू लागली. १८३८ च्या सुमारास सरकारने चराईवर कर बसवला, तेव्हा गरिबांची गुरे उपाशी राहू नयेत म्हणून जमशेटजी जिजीभाई यांनी ठाकूरद्वाराजवळ २० हजार रुपयांची कुरणे विकत घेतली, असे सांगितले जाते. चर्नी रोड हे नाव या चराईवरून पडले, अशी एक व्युत्पत्ती आहे. पुढे त्याच मैदानावर पारशी व हिंदू तरुण क्रिकेट खेळू लागले. गोऱ्या साहेबांच्या पोलोच्या घोड्यांनी खेळपट्ट्या उखडल्या, तेव्हा १८८१ मध्ये या खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केला. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये या झगड्याचा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. मैदान कोणाचे, हा प्रश्न लोकांनी तेव्हाच विचारला होता.

सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, १८६२ नंतर कोटाचे तट पाडण्यात आले. ज्या कारणासाठी मैदान राखले होते ते कारण संपले. तरी मैदान पुरते नाहीसे झाले नाही. रस्त्यांनी त्याचे तुकडे केले. कूपरेज, ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही आजची मैदाने म्हणजे त्याच एस्प्लनेडचे अवशेष. १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या शाळकरी मुलांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, ती आझाद मैदानावर.

ही मैदाने आपोआप टिकली असे मात्र नाही. सुमारे २२ एकरांच्या ओव्हल मैदानाला कालांतराने अवकळा आली. १९९० च्या दशकात परिसरातील रहिवासी एकत्र आले, न्यायालयात गेले आणि मैदानाच्या देखभालीत सहभागी झाले. १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा जतनाची नियमावली लागू झाली. २०१८ मध्ये ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात मैदानाचाही समावेश झाला. एका बाजूला उच्च न्यायालय व राजाबाई मनोरा, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको शैलीची घरे, आणि मधोमध चेंडूफळीत रंगलेली मुले, असे हे दृश्य आहे.

मुंबईचा हा धडा गावोगावी लागू पडणारा आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत. पाहुणे वाढतील, तसा पायथ्याच्या जमिनींना भाव येईल. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित आहे. परंतु हा कायदा बांधकाम रोखतो. गुरांची चराई, मुलांचा खेळ, जत्रा आणि पाणवठ्याची वाट राखण्याचे काम गावालाच करावे लागते. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी दिला आणि त्याच वर्षी १२ जुलैला राज्य शासनानेही गायरानांबाबत आदेश काढला. आधार आहे, त्याचा उपयोग करणारे हात हवेत.

म्हणून सरपंचांनी पायथ्याच्या मोकळ्या जमिनीचा सातबारा काढून ती महसूल, वन की पुरातत्त्व खात्याची, याची खात्री करावी. तलाठ्याने व भूमापकाने हद्दीच्या खुणा दाखवाव्यात. ग्रामसभेने त्या जमिनीचा परंपरागत उपयोग ठरावात नोंदवावा. शिक्षकांनी मुलांना हद्दीवरून फिरवून आणावे. ज्याने हद्द पायाखाली घातली, तो मोठेपणी ती सहजासहजी सरकू देणार नाही.

मुंबईचे तट गेले, मैदान राहिले. गावच्या किल्ल्याचा तट उभा असताना त्याच्या पायथ्याचे मैदान गमावण्याची वेळ कोणावर येऊ नये.