तीस तासांचा आठवडा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला परदेशातल्या यशाबद्दल बोलायला सांगितलंय. मी मात्र माझ्या एका चुकलेल्या बेरजेबद्दल बोलणार आहे.

इंजिनिअर होऊन काही वर्षं पुण्यात नोकरी केली. मग नवरा शिकायला टोरांटोला गेला, त्याच्यासोबत मीही वर्क परमिटवर गेले. पूर्णवेळ नोकरी मिळेना, म्हणून दोन लहान कंपन्यांत तासावर सॉफ्टवेअरचं काम धरलं. एखाद्या आठवड्यात पन्नास तास, तर पुढच्यात जेमतेम दहा.

तिथे कायम राहण्यासाठी 'कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लास'मधून अर्ज करायचा, तर मागच्या तीन वर्षांत एक वर्षाचा कुशल कामाचा अनुभव लागतो. म्हणजे आठवड्याला ३० प्रमाणे १,५६० तास. काम अर्धवेळ असलं, दोन ठिकाणी असलं तरी चालतं. २०१७ च्या उन्हाळ्यात माझी बेरीज १,६४० भरली. आनंदाने घरी फोनही केला. मग नियम पुन्हा वाचला, तर आठवड्यात तिसाच्या वरचे तास धरतच नाहीत! पन्नास आणि दहा माझ्या हिशेबी साठ, त्यांच्या हिशेबी चाळीस. नव्याने मोजले, तर १,३१०. अडीचशे कमी. म्हणजे अजून किमान नऊ आठवडे, आणि परमिटचे उरले होते चार महिने.

त्याच सुमारास इकडे बाबा पडले. खुब्याचं हाड मोडलं. घरी आई एकटी. मी आले असते तर काम सुटलं असतं आणि तास भरले नसते. मी आले नाही. हे सांगणं आजही जड जातं. आपल्या वर्गातले तिघं ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून आळीपाळीने दवाखान्यात थांबले. एक मैत्रीण आईला रोज डबा देत होती. मला फोनवर एवढंच सांगायचे, "तू तिकडचं बघ, इथे आम्ही आहोत."

मी दोन्ही कंपन्यांना विनंती केली, एकदम पन्नास तास नकोत, दर आठवड्याला मिळून तीस द्या. अकराव्या आठवड्यात तास भरले. मग एका कंपनीने पत्रात तासांपुढे नुसतं 'गरजेनुसार' लिहिलं. पत्रात हुद्दा, कामाचं स्वरूप, पगार आणि आठवड्याचे तास स्पष्ट लागतात. माझ्याकडे रोजची तारीख आणि तास लिहिलेली वही होती. समासात तारीख नसली की गणिताच्या बाई वही परत करायच्या, ती सवय सुटली नव्हती. बाई, ती वही आणि पगाराच्या पावत्या दाखवल्या तेव्हा पत्र बदलून मिळालं.

तुमची मुलं आता बाहेर जातायत. त्यांना सांगा, पहिल्या दिवसापासून तास लिहून ठेवा, नोकरी सोडतानाच पत्र घ्या. पूर्णवेळ शिकत असताना केलेलं काम आणि स्वतःचा व्यवसाय या वर्गात मोजत नाहीत. तास भरले म्हणजे अर्ज करता येतो इतकंच, पुढे गुणांची स्पर्धा असतेच. नियमही बदलतात, म्हणून ते सरकारी संकेतस्थळावरच वाचा, एजंटच्या तोंडून नको.

बाबा आज काठी टेकत इथे आलेत, मागच्या रांगेत बसलेत. दवाखान्यात तुम्ही काढलेल्या रात्रींचा हिशेब मी कुठल्या वहीत लिहिलेला नाही. पण त्या होत्या म्हणून माझे तास भरले. हे तुमच्यासमोर एकदा सांगायचं होतं.