कर भरणारे आपण, मग याचक कसे?

(अकोला जिल्ह्यातील एका खेड्यात शेतकरी, कारागीर व मजूर मंडळींपुढे एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



आम्ही शाळामास्तर. बेरीज-वजाबाकी हाच आमचा धंदा. तेव्हा आज सरकारच्या जमाखर्चावर दोन शब्द बोललो तर ते आपल्या मर्यादेबाहेरचे होणार नाही.

शहरातील शहाणे लोक म्हणतात, "खेड्यातले लोक कर भरत नाहीत आणि सरकारचे अनुदान मात्र खातात." हे आपण इतक्या वेळा ऐकले की आपल्यालाही ते खरे वाटू लागले. परंतु हिशेब पाहा. सालदाराने घरावर चार पत्रे टाकले, दोन पोती सिमेंट आणले, तर 100 रुपयांच्या मालावर 18 रुपये कर त्याने भरलाच. खताच्या पोत्यावर 5 टक्के भरले. बंगला बांधणारा शेठही त्याच दराने भरतो. पण शेठच्या शिलकेतून ते जातात, सालदाराच्या पोटातून जातात. 1 जुलै 2017 पासून हा कर मालाच्या किमतीतच मुरला आहे. पावती मागितली नाही म्हणून तो दिसत नाही, इतकेच. दिसत नाही म्हणून भरला नाही, असे कोणी म्हणू नये.

ही गोष्ट नवी नाही. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे हेच मांडले की, तिजोरी भरते ती रयतेच्या घामाने आणि शिक्षणाचा लाभ घेतात वरचे वर्ग. आपल्या वऱ्हाडाचे तर याहून विशेष. 1853 साली निजामाकडून हा मुलूख कंपनीने घेतला तो येथील कपाशीच्या काळ्या जमिनीवर डोळा ठेवून. 1902 साली तो 25 लाख रुपये सालाने कायमचा पट्ट्याने घेतला. पुढे तक्रार हीच राहिली की, वऱ्हाडचे उत्पन्न वऱ्हाडाबाहेर खर्ची पडते. 1953 च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च करण्याचे वचन मिळाले. 1984 साली दांडेकर समितीने मोजमाप केले, तेव्हा राज्याच्या एकूण अनुशेषापैकी सुमारे 39 टक्के एकट्या विदर्भाचा निघाला. वचन कागदावर राहिले आणि खारपाणपट्ट्यातील बाया गोड्या पाण्यासाठी वणवण करीत राहिल्या.

परंतु याच महाराष्ट्राने एक चांगला धडाही घालून दिला, तोही सांगितला पाहिजे. 1972 च्या दुष्काळात लोक खडी फोडून जगले. त्यातून वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने रोजगार हमी उभी राहिली व 1977 साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम! त्यासाठी पैसा कोठून आला? 1975 साली पगारदारांवर व व्यापाऱ्यांवर व्यवसाय कर बसविला. आमच्याही पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात. आम्ही ते दान समजत नाही. ज्याच्या पिकवलेल्या ज्वारीवर आम्ही वाढलो, त्याचे ते देणे आहे.

2005 साली देशाने हा धडा घेतला व वर्षाला 100 दिवसांची हमी दिली. अकुशल मजुरीचा सारा भार केंद्राने उचलला. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी दुसरा कायदा केला. त्यात दिवस 125 म्हटले आहेत. पण खर्चातील 40 टक्के वाटा आपल्या राज्यावर टाकला, आणि पेरणी-कापणीच्या हंगामात 60 दिवसांपर्यंत काम बंद ठेवण्याची मुभा दिली. दिवस वाढले म्हणून टाळी वाजवण्यापूर्वी विचारा: राज्याने आपल्या अंदाजपत्रकात तेवढी रक्कम धरली काय? न धरली तर 125 चा आकडा भिंतीवरच्या चित्रातला लाडू होय. आणि आमच्या कास्तकार बंधूंनाही एक विचारतो. निंदणीच्या दिवसांत मजुराचे दुसरे काम बंद झाले, तर मजुरी पाडण्याचा मोह आपण आवराल ना? सावकाराने आपल्याला नाडले, तसे आपण दुसऱ्याला नाडू नये.

दोष आपलाही आहे. लग्नाच्या वरातीला सारे गाव, ग्रामसभेला चार टाळकी! 1 मे, 15 ऑगस्टची सभा रजिस्टरातच भरते आणि मग आपण नशिबाला बोल लावतो.

तेव्हा तीन गोष्टी करा. कामाची मागणी तोंडी करू नका. लेखी करा आणि तारखेची पावती घ्या. ग्रामसभेत जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवा, असा आग्रह धरा. वाचता येत नसेल तर पाचवीच्या पोराकडून वाचवून घ्या. त्यासाठीच तर आम्ही त्याला शिकवतो. आणि मत मागायला येणाऱ्याला "काय देता?" असे विचारू नका. "आमच्यातून किती घेतले आणि कोठे खर्चिले?" असे विचारा.

पहिला प्रश्न याचकाचा आहे. दुसरा धन्याचा. आपण धनी आहोत.

सत्याचा जय असो.