सर्व्हरच्या दारातली गर्दी आणि कडीकुलूप

आजचा विषय आहे सर्व्हरची राखण. हे पोरांचं काम, आपल्याला काय करायचं, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा किती जणींनी रात्री जागून ओटीपीची वाट पाहिली, आठवतं ना? 'सर्व्हर डाऊन' हा शब्द तेव्हा निंदण करणाऱ्या बाईच्याही तोंडी बसला.

सर्व्हर म्हणजे एक संगणकच. फरक एवढाच की तो चोवीस तास चालू असतो आणि लोकांनी मागितलं ते देत बसतो. तुमच्या गटाचं बँक खातं, सातबारा, पिकविम्याचा अर्ज हे सगळं अशाच कुठल्या तरी सर्व्हरवर असतं. जगातले बरेचसे सर्व्हर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतात. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने ती सुरू केली. ती फुकट आहे, आणि तिच्या आत काय लिहिलंय ते कुणीही वाचू शकतं. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटातही लिनक्सच आहे. म्हणजे आपण काही परक्या वस्तूबद्दल बोलत नाही.

या सर्व्हरला दोन प्रकारचे त्रास होतात. एक गर्दीचा, दुसरा घरफोडीचा.

आधी गर्दी. रेशन दुकानासमोर दोनशे माणसं आणून उभी केली, ज्यांना धान्य नकोच आहे, नुसतं रांगेत उभं राहायचंय, तर खऱ्या कार्डवालीचा नंबर लागेल का? दुकानातून एक दाणाही चोरीला गेला नाही, पण दुकान बंद पडल्यासारखंच झालं. सर्व्हरवर हेच मुद्दाम करतात. ई-केवायसीच्या वेळची गर्दी आपली, खऱ्या बायांची होती. हल्ल्यातली गर्दी खोटी असते, पण परिणाम तोच.

एवढी खोटी माणसं आणतात कुठून? २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेत ट्विटरसारख्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास अनेकांना उघडेनात. तपासात कळलं की हल्ला करणारी यंत्रं म्हणजे लोकांच्या घरातले, दुकानातले सीसीटीव्ही कॅमेरे आणि वायफायचे डबे! त्यांच्या आतही लिनक्सच असतं. कंपनीने दिलेला 'ॲडमिन'सारखा पासवर्ड मालकांनी कधी बदललाच नव्हता. 'मिराई' नावाच्या व्हायरसने ती यंत्रं पकडून आपल्या फौजेत भरती केली. आपल्या कृषी केंद्रावरचा कॅमेरा अशा फौजेत जाऊ नये असं वाटत असेल तर त्याचा पासवर्ड बदला. पाच मिनिटांचं काम आहे.

गर्दी अडवायला सर्व्हरवर नियम लावता येतो, की एका पत्त्यावरून मिनिटाला इतक्याच विनंत्या घ्यायच्या, आणि जो नुसता रांग अडवून बोलत नाही त्याला बाजूला करायचं. पण एक खरं सांगते. लाखभर यंत्रं चालून आली तर आपल्या दाराशी कितीही चांगला राखणदार बसवला तरी उपयोग नाही, कारण दारापर्यंतचा रस्ताच तुंबलेला असतो. अशी गर्दी मागच्या मोठ्या रस्त्यावरच अडवावी लागते, आणि ते काम सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचं.

आता घरफोडी. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची, जुनी आणि नावाजलेली. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. एटीएममध्ये कार्ड घातलं की 'या खात्यात पैसे आहेत का' असा प्रश्न बँकेच्या सर्व्हरकडे जातो. चोरांनी आत शिरून मध्येच आपला खोटा सर्व्हर बसवला. प्रश्न बँकेपर्यंत पोचलाच नाही. खोटा सर्व्हर प्रत्येकाला 'हो, द्या' म्हणत राहिला. २८ देशांत नकली कार्डं घेऊन माणसं एटीएमसमोर तयार उभी होती. काही तासांत परदेशातून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी निघाले. कोल्हापुरातूनही पैसे काढले गेले. सोमवारी, १३ तारखेला, आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. खातेदारांच्या खात्यातून रुपया गेला नाही, बँकेने फटका सोसला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली.

मला यात सगळ्यात बोचतो तो दुसरा शनिवार. चोराने आपलं कॅलेंडर पाहून दिवस निवडला. म्हणून सर्व्हरचं रोजचं हजेरीपुस्तक, ज्याला लॉग म्हणतात, सुट्टीतही कुणीतरी वाचलं पाहिजे. कोण आलं, किती वाजता आलं, कितीदा चुकीचा पासवर्ड टाकला, सगळं त्यात असतं.

आता आपल्या गटांकडे येते. हळद पावडर, पापड, शेवया विकायला काही गट स्वतःची वेबसाइट करतात. ती बहुधा लिनक्सच्या सर्व्हरवरच बसते. करून देणाऱ्या मुलाला बिनधास्त विचारा, "बाळा, दारं किती उघडी ठेवली?" सर्व्हरला हजारो दारं असतात, गिऱ्हाइकाला दोनच लागतात, ८० आणि ४४३ नंबरची. बाकीची फायरवॉल लावून बंद हवीत. दुरुस्तीसाठी त्याचं स्वतःचं दार २२ नंबरचं असतं, आणि चोर सारखे तिथेच ठोकत असतात. तिथे पासवर्ड नको, डिजिटल किल्ली हवी. वर 'फेल टू बॅन' नावाचा फुकटचा राखणदार बसवता येतो. चार-पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याला तो काही वेळ दारात उभंच करत नाही. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, चिठ्ठीवर लिहून न्या.

अपडेटचंही विचारा. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. ज्या भगदाडातून चोर शिरले ते बुजवायचं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. लावलं गेलं नाही, आणि मे महिन्यात चोर आत!

ऑर्डरींच्या यादीची एक प्रत वेगळ्या जागी ठेवायला सांगा, आणि ती उघडते का हे तुमच्यासमोर करून दाखवायला लावा. आणि वेबसाइटचं नाव नि सर्व्हरचं खातं गटाच्या नावावर घ्या. नाहीतर करून देणारा पोरगा नोकरीला पुण्याला गेला की किल्ली त्याच्याच खिशात! किल्ली अध्यक्षांकडे राहील की सचिवांकडे, याचा ठराव पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या.

कुणी फोन करून 'सर्व्हर डाऊन आहे, ओटीपी सांगा, मी करून देतो' म्हणालं तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.