हृद्‌रोहिणीतील अडथळा : तपासण्या आणि त्यांच्या मर्यादा



हृदय सर्व शरीराला रक्त पुरविते. परंतु त्याच्या कप्प्यांतून जे रक्त वाहते, त्यावर त्याच्या स्वतःच्या स्नायूचे पोषण होत नाही. धरणाच्या भिंतीलगतच्या गावालाही पाणी नळानेच घ्यावे लागते, तसाच हा प्रकार होय. महारोहिणीच्या मुळाशी उजवी व डावी अशा दोन हृद्‌रोहिण्या निघतात आणि त्यांच्या शाखांवाटे हृदयाच्या स्नायूला प्राणवायू मिळतो. या वाहिन्यांच्या अस्तरात मेद व चुना साचून मार्ग वर्षानुवर्षे अरुंद होत जातो. तो निम्म्याहून अधिक अरुंद झाला तरी बसल्या जागी बहुधा काही जाणवत नाही. चढण चढताना किंवा ओझे वाहताना स्नायूची मागणी वाढते, पुरवठा तोकडा पडतो आणि छाती आवळल्यासारखी दुखते. हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७७२ साली या दुखण्याचे जे वर्णन प्रसिद्ध केले, ते आजही लागू पडते : श्रमाने येते, थांबल्यावर ओसरते.

म्हणून पहिली तपासणी कोणत्याही यंत्राची नसून प्रश्नांची असते. दुखणे केव्हा येते, किती वेळ टिकते, हातात किंवा जबड्यात उतरते काय, रुग्णास मधुमेह, रक्तदाब वा तंबाखूचे व्यसन आहे काय, हे डॉक्टर विचारतात. त्यांना मोकळेपणाने व खरी उत्तरे देणे हा तपासणीचाच भाग आहे.

यानंतर कार्डिओग्राम, म्हणजेच ई.सी.जी. हॉलंडमधील आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे यंत्र सिद्ध केले आणि १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा आलेख हृदयातील विद्युत्‌प्रवाह दाखवितो. रोहिणीचे चित्र दाखवीत नाही. विश्रांतीच्या वेळी पुरवठा पुरेसा असेल, तर अडथळा असूनही आलेख निर्दोष येऊ शकतो. नेमका येथेच घोटाळा होतो. ‘कार्डिओग्राम चांगला आला’ या एका वाक्यावर विसंबून माणूस पुन्हा नांगराला जातो आणि छातीतील दुखणे पित्ताच्या खात्यावर टाकले जाते. निर्दोष आलेख हा निरोगीपणाचा दाखला नव्हे. तो त्या क्षणाची नोंद असते.

श्रमात उमटणारा दोष श्रम करवूनच पाहावा लागतो. यासाठी रुग्णाला चालत्या पट्ट्यावर चालवितात. अमेरिकेतील रॉबर्ट ब्रूस यांनी घालून दिलेल्या पद्धतीत दर ३ मिनिटांनी पट्ट्याचा वेग व चढ वाढविला जातो आणि आलेख व रक्तदाब यांवर सतत लक्ष ठेवले जाते. हीही तपासणी चुकू शकते. विशेषतः स्त्रियांमध्ये दोष नसताना तो असल्याचा भास होण्याचा संभव अधिक असतो. ज्यांना चालणे शक्य नाही, त्यांना हृदयाची गती वाढविणारे औषध देऊन ध्वनिलहरींच्या साहाय्याने स्नायूची हालचाल पाहतात. किंवा किरणोत्सारी द्रव्य अल्प प्रमाणात टोचून कोणत्या भागास रक्त कमी पोहोचते ते तपासतात.

रोहिणीचे प्रत्यक्ष चित्र मिळण्यास मात्र बराच काळ जावा लागला. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्ड येथे फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या दंडातील नीलेतून बारीक नळी हृदयापर्यंत सरकविली आणि चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढविले. त्या वेळी त्यांची उपेक्षा झाली. नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५६ साली. पुढे १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स महारोहिणीचे चित्र घेत असता नळीचे टोक चुकून उजव्या हृद्‌रोहिणीत शिरले व रंगद्रव्य तेथेच सुटले. रुग्णाचे हृदय काही सेकंद थांबले. खोकावयास सांगताच ते पुन्हा सुरू झाले. त्या अपघातातूनच अँजिओग्राफीचा मार्ग खुला झाला.

आज ही नळी मनगटातून किंवा जांघेतून घालतात. रक्तस्राव, रंगद्रव्याची ॲलर्जी व मूत्रपिंडांवर ताण हे तिचे धोके होत. ज्यांच्या बाबतीत रोगाचा संशय मध्यम आहे, त्यांच्यासाठी हृदयात नळी न घालता सी. टी. यंत्राने काढलेली अँजिओग्राफी हा मार्ग आहे. मात्र त्यातही रंगद्रव्य टोचावे लागतेच. वाहिनीत चुना फार साचला असेल, तर हे चित्र अस्पष्ट येते.

अडथळा दिसला म्हणजे तो लगेच काढलाच पाहिजे, असेही नाही. दुखणे स्थिर असलेल्या ५,१७९ रुग्णांचा ३७ देशांत अभ्यास होऊन त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तम औषधोपचारासोबत आरंभीच अँजिओग्राफी व अँजिओप्लास्टी किंवा बायपास केलेल्यांत मृत्यूचे प्रमाण कमी झाल्याचे आढळले नाही. छातीतील कळा मात्र अधिक कमी झाल्या. ज्यांच्या डाव्या हृद्‌रोहिणीच्या मुख्य खोडातच मोठा अडथळा होता, ते रुग्ण या अभ्यासात नव्हते. तेव्हा दुखणे स्थिर असता भीतीपोटी शेत गहाण टाकण्यापूर्वी ‘ही शस्त्रक्रिया कशासाठी, आणि औषधांनी भागेल काय?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारणे हा रुग्णाचा अधिकार आहे.

परंतु हा विचार झटक्याच्या वेळी लागू नाही. विश्रांती घेऊनही न थांबणारी कळ, घाम, धाप, मळमळ अशी लक्षणे दिसताच चालत्या पट्ट्याचा विचारही करू नये. अशा वेळी रोहिणीतील साका फुटून तेथे रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि दर मिनिटाला स्नायू मरत असतो. मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांच्यात कळ नसून केवळ धाप किंवा ग्लानी असू शकते. ई.सी.जी. १० मिनिटांच्या आत निघावा, असा वैद्यकीय संकेत आहे. तो निर्दोष आला तरी पुन्हा काढावा लागतो. रक्तातील ट्रोपोनिनची तपासणीही काही तासांनी पुन्हा करावी लागते, कारण ते चढावयास वेळ लागतो.

येथे गावाचे कर्तव्य सुरू होते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून विनामूल्य मिळते. जवळच्या कोणत्या रुग्णालयात ई.सी.जी. निघतो, गुठळी विरघळविणारे औषध कोठे मिळते, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालय कोणते, ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेली असावी. शाळेत शिक्षकांनी ती मुलांना सांगावी. रात्री-अपरात्री घरात फोन हाती घेणारे कित्येकदा तेच असतात. तपासण्यांचे शास्त्र कितीही पुढे गेले, तरी रुग्ण वेळेवर दारात पोहोचला तरच त्याचा उपयोग. ते अंतर कापणे यंत्राच्या हाती नाही. ते गावाच्या हाती आहे.