रंगभूमीवरून पडद्यावर

नाटककारास प्रेक्षकांचा श्वास ऐकूं येतो. ध्वनिक्षेपणांत व दूरचित्रवाणींत तो ऐकूं येत नाहीं. रत्नाकर मतकरी ह्यांच्या नाट्यलेखनाचा आरंभ ह्या दुसऱ्या बाजूनेंच झाला. १९५५ सालीं त्यांची ‘वेडी माणसं’ ही एकांकिका मुंबई आकाशवाणीवरून ऐकविली गेली. पुढें बँकेंतील नोकरी संभाळून त्यांनीं नाटकें लिहिलीं. १९७८ सालीं नोकरी सोडून केवळ लेखणीवर भिस्त ठेविली. ‘गहिरे पाणी’ ह्या मालिकेनें त्यांच्या गूढकथा घरोघरीं पोंचविल्या. तथापि पडदा प्रेक्षकास बसवून ठेवितो, बोलतें करीत नाहीं. तें काम मतकरींनीं ठाण्यांत केलें. २०१४ सालीं सुरू झालेल्या ‘नाट्यजल्लोषा’त तेथील गरीब वस्त्यांतील मुलें आपल्याच आयुष्यांतील प्रश्नांवर नाटिका रचूं लागलीं. मे २०२० मध्यें मतकरी निवर्तले. मालिका संपतात, स्वतःचे शब्द सांपडलेलें मूल मात्र बोलतच राहतें.