पद्मासन आणि गुडघा



बडोदे संस्थानातील डभोईस १८८३ साली जन्मलेल्या आणि माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. उड्डियान, नौली या क्रिया त्यांनी क्ष-किरणांखाली तपासल्या. हे ठाऊक असूनही पद्मासन शिकविताना मी शरीराकडे पाहिलेच नाही. साठीच्या एका गृहस्थांचे पाऊल मांडीवर चढेना. मी ते ओढून चढविले. गुडघ्यात कळ उठली. पुढे कित्येक दिवस त्यांना जिना चढवेना.

मग शरीररचनेचे पुस्तक उघडले. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा वाकतो. मांडी बाहेर वळते ती खुब्याच्या उखळीच्या सांध्यात. खुबा अडला की पिळाचा ताण गुडघ्यातील कूर्चेच्या चकत्यांवर येतो. शिवाय खुब्याच्या खोबणीची खोली आणि दिशा माणसागणिक निराळी. काहींच्या बाबतीत कितीही सराव केला तरी हाडाला हाड अडतेच. (मी त्याला आळस म्हणत असे!)

आता मी प्रथम उताणे निजवून मांडी किती वळते ते पाहतो. गुडघ्यात किंचित दुखले तरी पाऊल खाली. ते गृहस्थ अजून वर्गास येतात, स्वस्तिकासनात बसतात.