ठेका, कान आणि सम
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



निवृत्तीनंतर काय करता ते प्रत्येकाने थोडक्यात सांगायचं, असं संयोजकांनी बजावलं आहे. मी पखवाज शिकतो. तीन वर्षं झाली, म्हणजे अजून नवशिकाच. म्हणून नवशिक्याला छळणाऱ्या एकाच प्रश्नावर बोलतो: ठेका हातात बसल्यावर मनाचं वाजवायचं कसं?

आपल्या बीबीत पखवाज न ऐकलेला माणूस सापडायचा नाही. शेगावची पालखी पंढरपूरहून परतताना सिंदखेडराजाकडून आपल्या गावात येते, पुढे लोणारला जाते. मृदंगवाला ऐन रंगात आला की आपण पोरं म्हणायचो, याला वरूनच सुचतंय. शिकायला बसलो तेव्हा कळलं, सुचण्यालाही पायऱ्या आहेत.

पहिली पायरी तोंडाची. बोल म्हणायचे, हाताने टाळी द्यायची, पखवाजाला हात लावायचा नाही. उस्ताद झाकिर हुसेन २०२४च्या डिसेंबरात गेले. ते सांगत, की जन्मल्यावर वडिलांनी, उस्ताद अल्लारखाँनी, त्यांच्या कानात तालाचे बोल म्हटले होते. जे तोंडात नाही ते बोटात येत नाही, हे मला साठीत पटलं.

दुसरी पायरी ठेक्याची. भजनी ठेका आठ मात्रांचा. गुरुजींनी कित्येक महिने तेवढाच वाजवून घेतला. मग म्हणाले, "आता तीन आवर्तनं ठेका वाजवा. चौथ्यात फक्त आठवी मात्रा तुमची. तिथं काहीही वाजवा, पण समेवर या." एक मात्रा! तरी घाम फुटतो. ती जमली की शेवटच्या दोन मात्रा आपल्या, मग चार, मग अख्खं आवर्तन. पतंगाला ढील द्यावी तशी मोकळीक मिळत जाते, दोरी मात्र हातातच राहते.

तिसरी पायरी तिहाईची. तिच्यात शाळेतलं गणित कामी आलं, सर! 'ति ट धा' हे तीन मात्रांचे बोल तीनदा वाजवले की नऊ मात्रा होतात. ताल आठाचा. समेपासून सुरुवात केली, तर शेवटचा 'धा' बरोबर पुढच्या समेवर पडतो. ऐकणारा मान डोलावतो. सोळा मात्रांच्या तीनतालात पाच मात्रांचा तुकडा तीनदा घ्या, मधे दोनदा एकेक मात्रा थांबा. सतरा झाल्या, म्हणजे पुन्हा समच.

चौथी पायरी सर्वांत अवघड, ती कानाची. गायक चरण आळवत असेल तेव्हा साधा ठेकाच हवा. टाळकऱ्यांनी ध्रुपद उचललं की हात मोकळा करायचा. गायकाने ओळ पुन्हा घेतली, तर आपली तयार तिहाई गिळायची. मनाचं वाजवायचं म्हणजे दुसऱ्याचं आधी ऐकायचं, एवढंच मला कळलं आहे.

हे सारं आज सांगण्याला कारण आहे. आता मोबाइलवर ठेका लावूनही भजन होतं. तो ठेका चुकत नाही, थकत नाही. पण एखाद्या म्हाताऱ्याचा आवाज कातर झाला, तर तो मोबाइल हळू होत नाही. हळू होणारा माणूस मंडळात हवा असेल, तर तो लहानपणापासून घडवावा लागेल. माझी बोटं आता हवी तशी वळत नाहीत. दहा वर्षांच्या पोराची वळतील.

म्हणून आपल्या बॅचला विनंती करतो. सर्वांनी मिळून शाळेला दोन पखवाज द्यावेत, आणि आठवड्यातली एक संध्याकाळ शाळेने मुलांना द्यावी. बोल म्हणून घ्यायला आणि डाव्या पुडीला कणीक लावायला मी येईन. पुढचं शिकवायला माझ्याहून जाणते लोक पंचक्रोशीत आहेत, त्यांना हाताला धरून आणू. फक्त पोरांना ती आठवी मात्रा लवकर मोकळी द्या. पाठांतर तर आपणही खूप केलं; स्वतःचं काही करून समेवर येण्याची मजा त्यांना वेळेत मिळू द्या.

  रामकृष्ण हरी!